नऊ मीटर पाणी

लिहिण्याचा मला कोणताही अधिकार नाही, हे आरंभीच मान्य करते. आयुष्यात मी लिहिले ते परीक्षेचे पेपर, माहेरची पत्रे आणि कार्यालयाचे अहवाल. आणि त्या अहवालांपैकी एकाने काय केले ते पुढे येईलच. संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी तीन वेळा नकार कळवला. चौथ्यांदा नकार देण्याचा संकोच वाटला, म्हणून हा लेख. भिडेपोटी गप्प राहणे आणि भिडेपोटी होकार देणे ही माझी जुनी खोड आहे. याच खोडीपायी एकदा आठ घरांवर पाणीचोरीचा आळ आला होता. तेव्हा निदान ती हकिगत सांगणे हे माझे कर्तव्य आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली आहे.

पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यानंतर बावीस वर्षे मी तिचा उपयोग, कुकरची शिट्टी का वाजते हे मुलांना समजावून सांगण्यापलीकडे केला नाही. यजमान जव्हारला शिक्षक होते. मुले शिकायला बाहेर गेली, घर एकाएकी मोठे वाटू लागले, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी नळयोजनांच्या देखभालीच्या कामात दाबमापक तपासनीस म्हणून कंत्राटी नोकरी धरली. जागेसाठी दुसरा अर्ज आलेला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जव्हार आणि मोखाड्याच्या पाड्यांवर फिरायचे, पाइपांवर बसवलेले दाबमापक तपासायचे, बिघडलेले बदलायचे आणि व्हॉल्व्ह सांभाळणाऱ्या माणसांना काटा वाचायला शिकवायचे, असे ते काम. पाड्यांवर माझे नाव लवकरच ‘मीटरवाली बाय’ पडले.

एकदा मोखाड्याच्या आठवडी बाजाराहून परतताना जीपमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांना माझ्या पिशवीतली गोल तबकडी दिसली. त्यांनी बाही वर सारून हात पुढे केला.

“बाय, माझा बी बघ ना. दवाखान्यातली बाय म्हनते, लय वाढलाय.”

“आजोबा, हे माणसांचं नाही. पाण्याच्या पाइपाचं आहे.”

“मंग? माझ्यात काय दगड भरलाय? पानीच हाय ना?”

जीप हसली. शास्त्रदृष्ट्या मात्र आजोबांचे म्हणणे बिनचूक होते. दवाखान्यातले पाऱ्याचे यंत्र आणि माझी तबकडी या एकाच घरच्या लेकी. एक रक्ताचा दाब सांगते, दुसरी पाण्याचा.

माझी तबकडी काम कशी करते, ते थोडक्यात सांगते. तिच्या पोटात पितळेची एक चपटी, वाकवलेली पोकळ नळी असते. जत्रेत मुले फुंकतात ती गुंडाळलेली कागदी पिपाणी आठवा. फुंकर मारली की ती उलगडते, श्वास सोडला की पुन्हा गुंडाळते. पाण्याचा जोर आत शिरला की पितळेची नळीही अशीच केसभर उलगडू पाहते, आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा ती हालचाल मोठी करून दाखवतो. आमच्या धंद्यात दाब ‘किलो’त मोजतात. एक किलो दाब म्हणजे डोक्यावर दहा मीटर उंचीचे पाणी. पाइप जाड की बारीक, सरळ की नागमोडी, याने काही बिघडत नाही. स्थिर पाण्याचा दाब केवळ उंचीवर ठरतो. हा नियम मी शाळेत पाठ केला होता, पण त्याच्या प्रेमात पडले ती पंचेचाळिशीत.

जव्हारजवळ शिरपामाळाच्या बाजूला पाहुण्यांसाठी खोल्या बांधणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या न्हाणीघरातल्या शॉवरमधून पाणी थेंबाथेंबाने पडे. कोणीतरी माझे नाव सुचवले म्हणून सुट्टीच्या दिवशी पाहायला गेले. शोभेला बाधा येऊ नये म्हणून त्यांनी टाकी जेमतेम छताच्या उंचीवर, वेलीआड लपवली होती. मी तबकडी लावून दाखवली. दाब जवळजवळ शून्य होता.

“मॅडम, ह्या घड्याळावर माझा विश्वास नाही,” ते म्हणाले. “घड्याळं मागंपुढं होतात.”

तेव्हा तिथे काम करणारे गवंडी गणपतदादा उठले, त्यांनी आपली पातळी धरायची पारदर्शक प्लास्टिकची नळी आणली, तिचे एक टोक तोटीला जोडले आणि दुसरे भिंतीशी उभे धरले. नळीतले पाणी चढले आणि शॉवरच्या वर वीतभर जाऊन थांबले. “बघा शेठ, पाणी इथवरच उभं राहतंय,” गणपतदादा म्हणाले. गृहस्थांना क्षणात पटले, आणि टाकी दोन मीटर वर गेली. निघताना गणपतदादांनी मला एक गोष्ट सांगितली. “बाई, नळीत बुडबुडा ठेवायचा नाही. बुडबुडा राहिला की नळी खोटं बोलते. तेवढं सांभाळलं, तर हिच्याएवढी सरळ बाई दुनियेत नाही.” मी हसून मान हलवली, मनात मात्र म्हटले की, पदवीधर बाईने गवंड्याची नळी वापरायची वेळ कशाला येईल?

ती वेळ आली मोखाड्याच्या बाजूच्या एका गावात. गावाचे नाव देत नाही, कारण दोष माझा होता, गावाचा नव्हे. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी एका टाकीत साठवून, डोंगराला वळसा घालत पाइपाने खालच्या गावात आणले होते. टाकीपासून गावाच्या वेशीवरील, व्हॉल्व्ह बसवलेल्या सिमेंटच्या कुंडीपर्यंत उतार नऊ मीटरांचा. कुंडीवर नवा कोरा, काटा थरथरू नये म्हणून आत ग्लिसरीन भरलेला दाबमापक मी पावसाळ्यात स्वहस्ते बसवला होता. व्हॉल्व्ह उघडणे, बंद करणे आणि तो बंद असताना काटा वाचून वहीत टिपणे हे काम वनिता नावाच्या सुनेकडे होते. दहावी झालेली, हजरजबाबी मुलगी. सकाळ-संध्याकाळ गावाला पाणी सोडायची. दुपारभर व्हॉल्व्ह बंद.

वाटेत, टाकी आणि गाव यांच्या मधोमध, आठ घरांचा एक पाडा होता. तिथल्या कुणाची जमीन नाही. सगळी रोजंदारीवर जगणारी माणसे. पाइप त्यांच्या अंगणांच्या कडेने जात होता, पण त्यांना नळ नव्हता. त्या बायका अर्धा डोंगर उतरून ओढ्यातून पाणी आणत. त्या वर्षी मात्र तिथे एक नळ द्यायचे ठरत आले होते, आणि त्यावर शेवटचा शब्द मार्गशीर्षातल्या ग्रामसभेचा होता.

दिवाळीनंतर मी तपासणीला गेले आणि वनिताची वही पाहून चपापले. सकाळी काटा बरोबर नव्वद शतांश किलोवर, म्हणजे पुरत्या नऊ मीटरांवर. दुपारी मात्र साठावर. संध्याकाळी परत नव्वदावर. गेले काही दिवस रोज हेच. मी टाकी पाहून आले. ती काठोकाठ भरून वाहत होती. मग मी कुंडीशेजारी दगडावर बसून, अतिशय समाधानाने, तर्क लढवला. दुपारी व्हॉल्व्ह बंद असतो, म्हणून पाणी स्थिर. स्थिर पाण्याचा दाब उंचीइतकाच असला पाहिजे. टाकी भरलेली असून तो कमी भरतो, त्याअर्थी पाणी स्थिर नाही. वरच्या बाजूला कुठेतरी कुणीतरी ते वाहते केले आहे. आणि वर तर एकच वस्ती. तर्कात कुठेही चूक नव्हती. आजही नाही.

अहवालात मी लिहिले, “मधल्या पाड्याजवळ अनधिकृत उपसा होत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.” ‘शक्यता’ हा शब्द मी विचारपूर्वक घातला होता. तो वाचणाऱ्यांत कुणाच्याच डोळ्यांत भरला नाही. आठवड्याभरात खालच्या गावात एकच वाक्य झाले होते, ‘मॅडमनी कागदावर लिहिलंय, पाडेकरी पाणी चोरतात.’ सरपंच रघुनाथभाऊंनी मला स्पष्ट सांगितले, “मॅडम, आमचं कुनाशी वाकडं नाय. पन चोरून घेनाऱ्याला वर आनि हक्काचा नळ कसा देनार? सभेच्या आधी त्यांची चोरटी तोटी हुडकून द्या, म्हंजे झालं.”

सभेच्या आदल्या दिवशी मी पहारी घेतलेल्या दोन गड्यांसह पाइपाच्या मार्गाने पाड्यावर पोचले. दुपारचे बारा वाजले असावेत. पाडा सामसूम होता. नवशीबाय नावाची एक म्हातारी दारात नाचणी पाखडत बसली होती.

“या, मीटरवाली बाय. चोर बघाया आलीस?”

मी खाली पाहून म्हटले, “आजी, दुपारच्या वेळी पाणी कमी होतं, म्हणून…”

“दुपारी? दुपारी हितं कोन असतं गो? वाघबारशीचा सन केला नि दिवाळी झाली का समदी कामावर गेली, भिवंडी, ठानं. राहिली ती जंगलात लाकडाला. हितं मी हाय नि ही कोंबडी हाय. मी पीत नाय एवढं पानी. कोंबडीला इचार.”

गडी हसले, मला हसू आले नाही. त्यांनी तिच्या अंगणाकडेची जमीन चार ठिकाणी खणली. पाइप धडधाकट होता आणि माती कोरडी ठणठणीत. चोरीचे पाणी वाहते तिथे माती ओली असते, गवत हिरवे असते. एवढे कळायला पदवी लागत नाही. खणणे थांबल्यावर नवशीबाय आत गेली आणि तांब्या भरून पाणी घेऊन आली.

“घ्या. उन्हाचं दमलाव. वढ्याचं हाय, चोरीचं नाय.”

तो तांब्या मी दोन्ही हातांनी धरला आणि सगळा प्यायले. इतके जड पाणी मी त्यापूर्वी किंवा त्यानंतर प्यायलेले नाही.

उतरून कुंडीपाशी आले तेव्हा दीड वाजला होता. काटा साठावर. सवयीने मी तबकडीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“तापतंय ना मॅडम?” वनिता म्हणाली. “दुपारी मी कापडानं धरूनच वाचते. थांबा.” तिने ओढणीचे टोक बादलीत बुडवून पिळले आणि ते ओले टोक तबकडीभोवती गुंडाळून ठेवले. आम्ही सावलीला बसून भाकरी खाल्ली. पंधरा मिनिटांनी ती वाचायला उठली आणि ओरडली, “मॅडम, सत्तर झाला!”

“नीट बघ.”

“नीटच बघते. सत्तरच्याही वर. ह्या काट्याला ऊन लागतं का काय, माझ्या नवऱ्यासारखं?”

मी धावत गेले. व्हॉल्व्ह बंद. डोंगरात काहीही बदललेले नाही. बदलले होते ते एवढेच, की तबकडी थंड झाली होती. आणि तेव्हा मी तिच्याकडे, खरे तर पहिल्यांदाच, नीट पाहिले. डोक्यापासून अर्ध्या काचेपर्यंत तिच्यावर शेंदराचा जाड, वाळलेला थर होता.

तो मला नवा नव्हता, आणि हीच माझ्या लेखातली सर्वांत अवघड ओळ आहे. दिवाळीनंतरच्या त्याच तपासणीत मी तो पाहिला होता. वनिताच्या सासूने वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावरच्या बारशीला, वाघदेवाला शेंदूर लावला, आणि उरलेला या आपोआप हलणाऱ्या काट्यालाही भक्तिभावाने लावला. पाणी देणारा तोही देवच. मला ते आवडले होते. मी मनातल्या मनात नमस्कारही केला होता. पण ग्लिसरीनच्या दाबमापकाच्या डोक्यावर रबरी बुचात एक बारीक छिद्र असते, आत-बाहेर हवा खेळती राहावी म्हणून मी ते स्वतः कापून मोकळे केलेले होते, आणि ते बुजता कामा नये हे मला पूर्णपणे ठाऊक होते. तरी मी बोलले नाही. बाहेरून आलेल्या बाईने कुणाच्या देवावरचा शेंदूर कसा पुसायचा?

छिद्र बुजल्यावर तबकडी म्हणजे झाकण लावलेली बरणी झाली. पितळी नळीला आतून पाणी दाबते, बाहेरून तबकडीतली हवा, आणि काटा दाखवतो तो दोहोंतला फरक. उन्हाने कोंडलेली हवा आणि ग्लिसरीन तापून फुगले, नळीवर बाहेरून जोर आला, काटा मागे सरला. संध्याकाळी गारवा आला, काटा परत जागेवर. वही मागे उलटली. पहिला साठ वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशीचा होता. तो आकडा मी आधी दहा वेळा पाहिला असेन.

आता नुसते छिद्र मोकळे करून काटा दाखवला असता, तर कुणी विश्वास ठेवला असता? काल कमी दाखवणारे यंत्र आज पुरते दाखवते, म्हणजे पाडेकरी सावध झाले, एवढाच त्याचा अर्थ निघाला असता. मला गणपतदादा आठवले. त्याच संध्याकाळी जव्हारला जाऊन मी त्यांची चाळीस मीटरची नळी मागून घेतली. त्यांनी कारण विचारले नाही. फक्त म्हणाले, “बुडबुडा, बाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसे सभेसाठी जमत असताना, मी रघुनाथभाऊंना सांगितले की सभा कुंडीपाशी भरवा आणि दुपारपर्यंत चालवा. माझा आवाज इतका लहान निघाला की त्यांनी दोनदा विचारले. शेंदूर मी तसाच ठेवला. कुंडीवरच्या लहान तोटीला नळी जोडली आणि ती मागच्या टेकाडावर चढवत नेली. हातभर अंतरावर एक असे गावकरी ती धरून उभे राहिले, बोटांनी टिचक्या मारत बुडबुडे वर ढकलत. वरचे टोक सरपंचांनी स्वतः धरले. पाणी चढत गेले आणि त्यांच्या छातीशी थांबले. वनिताने नळीमागच्या खडकावर चुन्याची रेघ ओढली.

“हे टाकीचं पाणी आहे,” मी म्हटले. “टाकीत जेवढं उंच, तेवढंच इथे उंच. वर कुणी पाणी सोडलं, तर रेघेच्या खाली येईल. काटा दुपारी दाखवतो तेवढं, तीन मीटर खाली, म्हणजे पार त्या पळसापर्यंत.”

मग आम्ही वाट पाहिली. ऊन चढले. खाली काटा ऐंशी, सत्तर, मग साठ झाला. खालून कुणी आकडा ओरडायचे आणि वरून उत्तर यायचे, “रेघेवरच हाय!”

“माझा हात भरून आला,” सरपंच म्हणाले.

“सोडू नका भाऊ,” वनिता खालून ओरडली. “नायतर उद्या कागदावर येईल, सरपंचांनी पाणी सांडलं.”

दोन वाजता काटा साठावर होता आणि पाणी चुन्याच्या रेघेवर, बोटभरही न ढळता. मी सगळ्यांसमोर टाचणीने त्या बुचावरचा शेंदूर टोकरला. बारीक ‘फुस्स’ झाले आणि काटा, शंभर माणसांच्या देखत, साठावरून नव्वदावर जाऊन बसला. मी तेव्हा मोठ्याने बोलले, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. “पाणी कुणी चोरलं नाही. छिद्र बुजलेलं मी पाहिलं होतं आणि बोलले नाही. चूक माझी. अहवाल मी आजच दुरुस्त करते.”

वनिताची सासू तोंडावर पदर घेऊन उभी राहिली. तेवढ्यात कडेला बसलेली नवशीबाय तिला म्हणाली, “काय गो येडे! देवाला शेंदूर लावायचा तर लाव, पन त्याचं नाक तरी मोकळं ठेव! गुदमरला ना बिचारा!”

आधी सासू हसली. मग सरपंच, मग नळी धरून उभी असलेली सगळी रांग हसू लागली. रांग हलली, नळी हातांतून सुटली आणि तिच्यातले नऊ मीटर पाणी आम्हा सर्वांच्या अंगावर आले. ठराव तिथेच, ओल्या कपड्यांनी, हात वर करून झाला.

नळ आला त्या दिवशी नवशीबायने पहिला तांब्या भरून मला दिला. “आता हे बी चोरीचं नाय,” ती म्हणाली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी दरवर्षी वाघबारशीला त्या गावी जात असे. शेंदूर बंद झाला नाही. तो बंद व्हावा असे मला कधी वाटलेही नाही. वनिता आधी त्या छिद्रावर बोट ठेवते, सासू मनसोक्त शेंदूर लावते, मग वनिता बोट काढते. तिच्या बोटाच्या मापाचा एक स्वच्छ गोल देवाच्या माथ्यावर राहतो. गणपतदादांची नळी मी परत करायला गेले, तर त्यांनी ती माझ्याकडेच राहू दिली. अजून ती आमच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेली आहे.

मला इतक्या वर्षांत उलगडा न झालेली गोष्ट एकच. शेंदूर दिसला त्याच दिवशी दोन शब्द बोलले असते, तर आठ घरांवर आळ आला नसता आणि त्या म्हातारीचे अंगण खणावे लागले नसते. पण नवख्या बाईने तेव्हा बुचावरचा शेंदूर टोकरला असता, तर त्या गावाने मला पुन्हा कुंडीपाशी उभे केले असते का, हेही मला सांगता येत नाही. तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केले असते?